बिनकडीचं घर

सांगलीत खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालक पायरीवर बसून दाढी करत होते. गाव कुठलं, आडनाव काय, घरात मटण शिजवता का, यातलं एकही नेहमीचं त्यांनी विचारलं नाही. आरशातनंच माझ्याकडं बघत म्हणाले, "झोपंतनं एका हाकंत उठता का?"

मी बायकोकडं बघितलं. म्हटलं, "मी उठतो. हिला दोन-तीन हाका लागतात."

"मग बाईंस्नी दाराच्या अंगाला झोपवत जावा," ते म्हणाले आणि उरलेल्या गालाला लागले. खोल्या मिळाल्या.

किल्ली मागितली तर हसले. किल्ली नव्हतीच. खाली त्यांचं बिऱ्हाड, वर आमचं, आणि त्या अख्ख्या घरात एकाही दाराला कडी, बोल्ट किंवा कुलूप असलं काही नव्हतं. चौकटीला एक खिळा आणि दाराला सुतळीचा फास. रात्री फास खिळ्यात अडकवला की झालं दार बंद. चोर आला तर काय, असं विचारलं की म्हणायचे, "चोर भांडी न्हेतोय. घर पडलं तर जीव जातोय. सुतळी तुटती, सर. कडी तुटत न्हाई."

त्याचं कारण कोयनेत होतं. त्यांचे वडील धरणावर कामाला, त्यामुळं हे कोयनानगरच्या चाळीत वाढले. मोठा भूकंप झाला तेव्हा वय नऊ-दहा. चौकट वाकडी झाली, कडी अडकून बसली आणि शेजाऱ्यानं कुऱ्हाडीनं दार फोडेपर्यंत हे आणि यांची आई आत. दोघं वाचले, पण तेव्हापासून कडी या वस्तूशी यांचं हाडवैर. पुढं तेही तिथंच फिटर म्हणून लागले, तिथंच रिटायर झाले आणि बायकोच्या दुखण्यापायी दवाखाने जवळ हवेत म्हणून विश्रामबागेच्या मागं घर बांधून राहिले. कोयना सुटली, भूकंप सुटला नाही. गल्लीत त्यांना भूकंपकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सुरुवातीला मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की काका, सांगली कोयनेपासून लांब आहे, इथं तसा धोका नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमी पोरास्नी शिकवता, सर. जमिनीला न्हाई." त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत तिवईवर एक पितळी तांब्या पालथा घातलेला असे. त्याच्यावर पेला, पेल्यावर वाटी. जमीन हलली की वाटी पडणार, आणि वाटी पडली की काका आरोळी ठोकणार, "भाईर! भाईर या समदी!" मग हातातलं काम टाकून सगळ्यांनी अंगणात आंब्याखाली जमायचं. सांगलीची जमीन कधी हलली नाही. पण उसाच्या हंगामात कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत आणि गाणी वाजवत गल्लीच्या तोंडावरनं जायचे, आणि वाटी पडायची. आम्ही आपले आंब्याखाली. ये-जा करणारे बघायचे, पोरं हसायची, आणि मी चपलेकडं बघत उभा राहायचो.

एकदा आमचे प्राचार्य घरी चहाला आले. मला पर्यवेक्षक करावं असं त्यांच्या मनात आहे असं मला वाटत होतं, म्हणून बायकोनं सकाळपासून खपून कांदेपोहे, चिवडा, नारळाच्या वड्या असं सगळं मांडलेलं. प्राचार्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि खाली वाटी पडली. कडी नसल्यामुळं दार ठोठावायचा प्रश्नच नव्हता. काका अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर आत आले, त्यांनी प्राचार्यांच्या दंडाला धरलं आणि "सायेब, च्या मागनं, जीव आदी!" म्हणत त्यांना जिना उतरवून अंगणात नेलं. प्राचार्य पायमोजांवर आंब्याखाली उभे. हातात निम्मं बिस्कीट. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं डोकं काढलं आणि म्हणाल्या, "बशीबी घिऊन जायाची हुती की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पर्यवेक्षक दुसराच कुणी झाला, तो काही या बिस्किटामुळं नसेल, पण पुष्कळ दिवस मी ते काकांच्या नावावर टाकलं. त्या काळात मला त्या माणसाची लाज वाटायची. न्हाणीघराला कडी नाही, त्यामुळं दारावर टॉवेल टाकला म्हणजे आत माणूस आहे असं समजायचं, हा घराचा नियम. माझा मेहुणा आला आणि शहाण्या माणसासारखा टॉवेल आत घेऊन गेला. पुढचं सांगत नाही. तो पुन्हा आमच्याकडं मुक्कामाला राहिला नाही.

देवांच्या तसबिरी त्यांनी गुडघ्याच्या उंचीवर लावल्या होत्या. उंचावरचा देव डोक्यात पडतो म्हणे. कुणी हसलं तर म्हणायचे, "देवाफुडं वाकायचंच असतंय. मग त्यो खाली असला तर काय बिघडलं?"

काकू बोलायला कमी, पण बोलल्या की एकच वाक्य आणि ते वर्मी. त्यांची किडनी गेली होती. आठवड्यातनं दोनदा काका त्यांना स्कूटीवर बसवून डायलिसिसला न्यायचे आणि त्या मशीनवर असेपर्यंत दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. एकदा मी बरोबर गेलो होतो. निघताना काकू मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात बी हे मांडवाच्या कडंला हुबं हुतं. खांब पडंल म्हनून. अक्षता लांबनंच टाकल्या मानसांनी, त्या ह्येंच्यापतूर पोचल्याच न्हाईत." काका पुढं स्कूटीवर बसून हसत होते. मला ती दोघं फार आवडायची. लाजही वाटायची आणि आवडायचीही, असं दोन्ही चालू होतं.

आणि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुराच्या वर्षी नदीकाठची माणसं घरदार सोडून निघाली तेव्हा त्यांच्यातली कितीतरी याच बिनकडीच्या घरात येऊन राहिली. कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. आमच्या खोल्यांतही माणसं, जिन्यावरही माणसं. काका रात्रंदिवस खिचडीचं पातेलं ढवळत होते. एक म्हातारा त्यांच्या पाया पडायला लागला तर म्हणाले, "माज्या घराला कडीच न्हाई, बाबा. आत येणाऱ्याला मी आडवणार कसा?" पुढं कितीतरी दिवस ते हे वाक्य सगळ्यांना सांगत. मिरवत म्हटलं तरी चालेल. मिरवण्यासारखं होतंच ते.

मग रोग आला.

पहिल्या लाटेत काकांना सगळ्याची गंमत वाटली. टीव्हीवर दिवसभर घरात राहा, घरात राहा चाललेलं. काका आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे, मास्क हनुवटीला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आयुष्यभर मी सांगतोय भाईर पळा, आन् ह्ये म्हनत्यात आत बसा. आता कुनाचं ऐकावं?" पोलीस दोनदा रागावून गेले. काकू म्हणाल्या, "त्येस्नी धरून न्या. चार भितींत कोंडा. मी भाकरी घिऊन यिते."

दुसऱ्या वर्षी ते हसणं बंद झालं. कोयनेच्या चाळीतला त्यांचा जोडीदार, कराडला राहायचा, तो चार दिवसांत गेला. तोंड बघायला मिळालं नाही. पोरानं फोनवर एक फोटो पाठवला, पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं. काका तो फोटो दिवसभर बघत बसले. त्या दिवसापासनं ते आंब्याखाली यायचे बंद झाले. भाजी साबणाच्या पाण्यात घालायला लागले. दूधवाल्याला फाटकापाशी पातेलं ठेवायला सांगून स्वतः खिडकीआड उभे राहायला लागले. लहानपणी दाराआड अडकलेला मुलगा मला त्यांच्यात पहिल्यांदा दिसला, पण मी तेव्हा त्याचा फार विचार केला नाही. सगळेच घाबरले होते.

बायको पतसंस्थेत काउंटरवर बसते. तिला सुट्टी नव्हती. एप्रिल सरता सरता ती तापानं पडली, पाठोपाठ मी. तपासणीत दोघंही पॉझिटिव्ह निघालो. दवाखान्यात जागा नव्हती, डॉक्टर म्हणाले घरीच वेगळं राहा, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघत राहा, कमी झाला तर फोन करा. आमची लेक तेव्हा पहिलीत. तिला एका दिवसाचा ताप येऊन गेला आणि ती टुणटुणीत झाली. सातारला आईला कळवलं, पण तिला यायला बंदी, आम्हाला जायला बंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीच्या आवाजानं जाग आली. आमच्या जिन्याच्या खाली एक लोखंडी जाळीचं दार होतं. कुत्री वर येऊ नयेत म्हणून कधीतरी बसवलेलं, कायम उघडं. मी वरनं वाकून बघितलं. काका त्या दाराला कोयंडा बसवत होते. फिटरच तो, काम अगदी बेतशीर चाललेलं. कोयंडा बसवला, कडी ओढून बघितली आणि नवं कोरं कुलूप लावलं. मग माझ्याकडं पाठ करून, आंब्याकडं तोंड करून म्हणाले, "सर, भाजी, दूध, औषध, समदं मी दोरीनं वर दीन. काय बी लागूंदे, हाक मारा. पर खाली उतरू नगा. तुमच्या काकूचं तुमास्नी ठावंच हाय."

"बरोबर आहे, काका," मी म्हणालो. बरोबरच होतं. काकूंची तब्येत तोळामासा, त्यांना झालं असतं तर संपलंच. तरी मला ते कुलूप बघून रडू आलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला कोंडलं नाही त्यानं आम्हाला कोंडलं, याचा रागही आला. समोरच्या घरातला वकील गच्चीवरनं ओरडून म्हणाला, "बरं केलंसा काका! येळेला शानपन आलं!" काका मान वर न करता आत गेले.

भाजी, दूध, औषध दोरीच्या पिशवीतनं वेळेवर यायचं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण पिशवी बांधणारा माणूस पिशवी वर जायच्या आत घरात शिरलेला असायचा. मी वरनं "काका" म्हणायचो ते मोकळ्या अंगणाला.

आम्ही दोघं आडवे, आणि लेक एकटी. दुपारी ती रडायला लागायची. भूक आहे म्हणायची, समोर ठेवलेलं खायची नाही, आई केस विंचर म्हणायची, आणि तिच्या आईला हात वर उचलवत नव्हता. असं रडं चालू असताना एका दुपारी ती एकदम गप्प झाली. मी भिंत धरत धरत जिन्याच्या तोंडाशी आलो. खाली जाळीच्या अलीकडं लेक पाठ करून बसलेली, आणि पलीकडं पायरीवर काकू. तोंडाला पदर. जाळीच्या भोकातनं हात घालून तिची वेणी घालत होत्या. शेजारी पेजेची वाटी. वेणी झाली की जाळीतनं एकेक चमचा.

काकूंनी मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "निजल्यात," त्या हळूच म्हणाल्या आणि घराकडं मान उडवली. काका झोपलेत, बोलू नका.

मी बोललो नाही. मला म्हणता आलं असतं, की काकू, येऊ नका, तुम्हाला झेपणार नाही. पण पोर खात होती. मी परत येऊन पडलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना नको म्हणा." थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या म्हणा." मग रोज दुपारी काकू येत राहिल्या, आणि उद्या काही आला नाही.

असे थोडे दिवस गेले आणि एका सकाळी बायकोचा श्वास वर चढला. बोटावरचा आकडा खाली खाली यायला लागला. तिच्या भावानं कुठनंतरी बेडची सोय केली, अँब्युलन्स फाटकाशी येऊन उभी राहिली. मी तिला काखेत धरून जिना उतरवला आणि जाळीपाशी आलो तर कुलूप.

"काका! कुलूप काढा!"

काका बाहेर आले. हातात किल्ली होती. आंब्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. "आलो, सर, आलो," म्हणत होते, पण पाय हलत नव्हते. मी ओरडलो, "काका, हिला श्वास घेता येईना!" ते पुन्हा म्हणाले, "आलो, आलो." अँब्युलन्सवाला हॉर्न वाजवायला लागला. वकील गच्चीवरनं बघत होता. माझ्या खांद्यावर बायकोची मान पडलेली आणि दहा पावलांवर तो माणूस किल्ली मुठीत घट्ट धरून उभा. मी त्यांना त्या वेळी शिव्या दिल्या. आईवरनं दिल्या.

मग घरातनं काकू आल्या. त्यांनी काकांची मूठ धरली, एकेक बोट उघडून किल्ली काढून घेतली आणि काही न बोलता येऊन कुलूप उघडलं. बायकोच्या दुसऱ्या काखेत हात घातला. "चल गं, बाय. खाली बघून पाय टाक," म्हणाल्या आणि अँब्युलन्सपर्यंत तिला धरून नेलं. तोंडावरचा पदर केव्हाच खाली आला होता.

बायको वाचली. काकू आठवड्याभरात तापल्या. कोरोना झालेल्या पेशंटचं डायलिसिस तेव्हा सगळीकडं होत नव्हतं. मिरजेला नेलं, तिथनं त्या परत आल्या नाहीत. काका एकटेच स्कूटीवरनं आले, गाडी आंब्याखाली लावली आणि तिच्यावरच बसून राहिले. मी वरनं बघत होतो. खाली जायची मला बंदी होती, आणि बंदी नसती तरी मी गेलो नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहारीनं ते जाळीचं दार बिजागरीसकट उपटून काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं.

बायको घरी आली ती निम्मी होऊन. गल्लीत कुणी आमच्याशी बोलत नव्हतं. बोलत होते ते आम्हाला ऐकू जाईल असं. "एवढं कुलूप घालून बी रोग शिरलाच की. वरच्यांनी जरा तरी इचार करायचा." वकिलाची बायको म्हणाली, "बिचाऱ्यानं बायकूसाठी काय न्हाई केलं! आन् ह्यांनी तिला काखंत हात घालाय लावला." काका आंब्याखाली बसलेले असायचे. ऐकायचे. होय म्हणायचे नाहीत आणि नाही पण म्हणायचे नाहीत.

आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. बायको म्हणाली, "मला रोज या जिन्यावरनं उतरवत नाही. दुसरी जागा बघा." मी बघायला लागलो. जागा मिळत नव्हत्या, कोरोना होऊन गेलेलं बिऱ्हाड कुणाला नको होतं. पण त्याहून मला एक गोष्ट खात होती. गल्लीला वाटत होतं की त्या एका सकाळी काकूंना रोग लागला. काकांनाही तसंच वाटत असणार, म्हणजे आपण चार पावलं पुढं टाकली असती तर काकू वाचल्या असत्या असं त्यांच्या मनात बसलं असणार. आणि दुपारची वेणी आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. ते सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरचं ओझं आमच्या डोक्यावर येणार होतं. ते आमचंच होतं. एका सकाळी धीर करून मी खाली गेलो.

काका स्टोव्हपाशी पेज ढवळत होते. मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, "काका, तुम्हाला एक सांगायचंय. कुलूप होतं तरी काकू रोज दुपारी जाळीपाशी यायच्या. लेकीची वेणी घालायच्या, पेज भरवायच्या. तुम्ही झोपलेले असायचा. आम्ही त्यांना नको म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. त्या सकाळच्या आधीच... म्हणजे तुम्ही किल्ली घेऊन आला असता तरी कदाचित..."

काकांनी ढवळणं थांबवलं नाही.

"मी निजत न्हवतो," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"आन् पेज ती कुठं करत हुती, सर? स्टोव्हपाशी तिला हुबं ऱ्हावत न्हवतं. मी करत हुतो. पोरीचं रडनं हितं खाली यायचं. मला ऐकवत न्हवतं, आन् जायाचं धाडस हुईना. मीच तिला म्हनलं, तू जा. वाटी हातात दिली, तिला धाडली, आन् आपुन भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायलो. रोज."

"काका..."

"ऐका. गल्लीत म्या सांगितलं, बायकूसाठी कुलूप लावलं. बायकूसाठी न्हाई लावलं. मला भ्या वाटत हुतं. भूकंपाचं भ्या येगळं, सर. त्यातनं भाईर पळता येतंय. ह्यातनं पळायचं कुठं? म्हनून तुमास्नी कोंडलं. आन् तिला फुडं घातली." त्यांनी स्टोव्ह बंद केला. "ती काय येडी हुती व्हय? तिला समदं कळत हुतं. पर येका शबदानं इचारलं न्हाई, की तुमी का जात न्हाई म्हनून. वाटी घेतली की चालली."

मी माझा गुन्हा पदरात बांधून गेलो होतो आणि त्यांनी त्यांचा पुढं ठेवला. दोन्ही तिथंच पडून राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला त्यांच्याइतकीच लाज वाटली, कारण त्यांनी काकूंना पाठवलं आणि आम्ही येऊ दिलं, आणि दोन्हीकडची कारणं तीच होती. आपापली कातडी.

"तुमास्नी लोक बोल लावत्यात," ते म्हणाले. "मी रोज ठरीवतो, आज सांगायचं. तोंड उघडतो आन् मिटतो. जमत न्हाई." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी जागा बघताय म्हनं. जाऊ नगा, सर. माज्याशी बोलू नगा, भाडं बी दिऊ नगा पायजे तर. पर ह्या घरात कुनाला तरी ठाव असाय पायजे. न्हाई तर उद्या मलाबी खरंच वाटाय लागंल, की मी तिच्यासाठीच लावलं."

मी वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, "राहू या." आम्ही राहिलो. ते त्यांच्यावर दया येऊन, की दुसरीकडं जागा मिळत नव्हती म्हणून, याचं खरं उत्तर मला अजून देता येत नाही. भाडं आम्ही दिलं. बोलायचोही. पाणी कधी येणार, गॅस संपलाय, एवढंच. लेक कधी खाली त्यांच्यापाशी जाऊन बसायची. ते तिला कोयनेच्या गोष्टी सांगायचे, पण तिच्याकडं बघायचे नाहीत. तांब्यावरची वाटी काढून टाकली होती. हंगामात ट्रॅक्टर गेले की मी आपला सवयीनं थांबायचो. खाली चिडीचूप.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी उठलेच नाहीत. गल्ली सगळी लोटली. वकिलानं खांदा दिला आणि परत येताना माझ्या शेजारनं चालायला लागला. आता काही वर्षं झाली होती, आमच्यावरचा राग लोक विसरले होते.

"भला मानूस," तो म्हणाला. "बायकूवर काय जीव हुता, सर! तिच्यासाठी आपल्या सोताच्या घराला कुलूप घातलं त्यानं. असा नवरा न्हाई हुनार. तुमी तर जवळनं बघितलंय. तुमास्नी तर म्हाईतच असंल."

"हो," मी म्हणालो. "मला माहीत आहे."